तपासणीच्या दिवशीची गोळी

भात कमी करा, असं आमच्या भागातल्या माणसाला सांगायला छाती लागते. आमच्या आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे ती होती. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. माझ्या नवऱ्याची साखर बघून त्या म्हणाल्या, "काका, रात्रीचा भात बंद. दुपारी एक वाटी, बस."

आमचे हे आधी हसले. त्यांना वाटलं, बाई मस्करी करतात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भात नाई खाऊ तं का खाऊ? धान पिकवतो मी."

"पोळी खा," मी म्हटलं.

"पोळी पावन्याले करतेत."

बाईंनी तोवर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता. पारा वर गेला, हळूहळू उतरला आणि बाईंचं हसू मावळलं. साखरेच्या जोडीला प्रेशरही निघालं. साखर असलेल्या माणसाचं प्रेशर इतरांपेक्षा जास्त जपावं लागतं, नाहीतर आधी डोळे आणि मूत्रपिंडं जातात, आणि लकवा मारायची भीती तर आहेच, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. लकवा शब्द ऐकला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण लकवा आमच्या अंगणात खाटेवर पडलेला होता.

ही गोष्ट दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची. धानाच्या मुलखातल्या गोरेगावपासून थोडं आत आमचं गाव. मी तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हे शेतकरी. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून आले म्हणतात. आले ते इथल्या धानाच्या बांध्यांत, बांध घातलेल्या शेतांत, रुतले आणि मग हललेच नाहीत. आमचं आणि माझ्या जेठांचं, म्हणजे यांच्या मोठ्या भावाचं, अंगण एकच. समोरासमोर दोन घरं, मध्ये गोठा.

जेठ म्हणजे खऱ्या बोलण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध माणूस. आठवडी बाजारात बैल विकायला नेला तर गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी जेठच सांगणार, "पाह्य बाप्पा, बैल चांगला आहे, पन पान्याले भेते." गिऱ्हाईक पळून जायचं आणि बैल परत घरी यायचा. वैद्यापुढे, वकिलापुढे आणि गिऱ्हाइकापुढे झाकायचं नाही, हा त्यांचा नियम. तो सगळ्या घराला लागू होता आणि हळूहळू गावालाही लागला.

त्यांनाही प्रेशर होतं. आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बरीच वर्षं खाल्ल्या. पण दर महिन्याला तपासायला जावं, तर पारा आपला चढलेलाच. शेवटी वैतागून म्हणाले, "फायदाच नाई तं कायले खाऊ?" आणि गोळ्या बंद केल्या. त्या वर्षी धान कापणीला आलं असताना त्यांची उजवी बाजू गेली, आणि बोलणंही जवळजवळ गेलं. तेव्हापासून ते समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, खाटेवर. अंगणात कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना तिथून दिसायचं.

आमच्यात जेठांशी धाकट्या भावाची बायको बोलत नाही. समोरून जायचं तर डोक्यावर पदर. शाळेत मी दिवसभर पोरांवर ओरडायची, शिक्षणाधिकाऱ्यांशीही भांडून आलेली बाई. पण घरी जेठांना काही कळवायचं असलं तर गोठ्यातल्या गाईला सांगायची. "गाई, आज पाऊस येईल असं दिसते, खाट आत घ्यायला हवी." गाय रवंथ करायची आणि जेठ खाट आत घ्यायला लावायचे. सून म्हणून या घरात आल्यापासून ते माझ्याशी एक शब्दही थेट बोलले नव्हते, मीही नाही. त्यात राग नव्हता, मानच होता. कधी कधी मला या मानाचा कंटाळा यायचा, तो भाग वेगळा.

तर अशा घरात आता यांनाही प्रेशर. मी घाबरले, आणि घाबरले की मी कामाला लागते. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन यांच्यासमोर उभी राहायची. गोळी तोंडात गेली की, "तोंड उघडा." जीभ वर करायला लावायची, पोरांना करते तशी. पापड बंद, सुकट बंद. लोणच्याची बरणी तर मी शाळेच्या कपाटात भारताच्या नकाशामागे नेऊन ठेवली. हे महाशय शेजारच्या घरी जाऊन लोणचं खाऊन यायचे आणि मिशीला लागलेलं तेल पुसायला विसरायचे. त्यावरून आमची बरीच वाजायची.

भातावर मात्र तह झाला. दुपारी एक वाटी, पण वाटी कोणती ते हे ठरवणार. त्यांनी शोधून काढलेल्या वाटीत आमच्याकडे पूर्वी बाळाची आंघोळ झाली असती.

दर महिन्याला तपासणी. रक्त तपासायचं म्हणून उपाशीपोटी बोलवायचे. सकाळच्या पहिल्या एसटीत अर्धं गाव चढायचं, सगळे साखर आणि प्रेशरवाले. सगळ्यांची पोटं रिकामी, त्यामुळे सगळ्यांची डोकी तापलेली. कंडक्टर त्या दिवशी कोणाशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत नसे.

आणि दर महिन्याला यांचं प्रेशर चढलेलं. बाईंनी अर्ध्या गोळीची एक केली. मग दुसरी जोडली. मग लघवीवाटे पाणी काढणारी तिसरी. "रोज घेता ना, काका?"

"रोज."

"माझ्यासमोर घेतात," मी ठासून सांगायची.

बाईंनी एकदा माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "ताई, स्वयंपाकात मीठ किती घालता?"

माझा असा पारा चढला की तो पट्टा मला लावला असता तर यंत्र फुटलं असतं. नवऱ्याच्या जिवासाठी शाळेत लोणचं लपवणारी मी, आणि मलाच विचारतात! मी म्हटलं, "या तुम्ही एक दिवस जेवायला." बाई म्हणाल्या, पुढच्या वेळीही असंच राहिलं तर नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवू.

इकडे घरी दुसराच प्रकार. धार काढून उठले की हे गोठ्याचा खांब धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "काई नाई, ऊन लागलं." पौषात कसलं ऊन? एकदा बांधावरून येताना मध्येच खाली बसले. आणि त्या संध्याकाळी, चपला काढता काढता सहज म्हणाले, "या गोळ्यायचा काई फायदा नाई. दादाचंबी असंच झालं होतं. मी आता सोडून देईन म्हनतो."

समोरच्या सपरीत खाट दिसत होती. उद्या या सपरीतही एक खाट येईल, आणि दोघे भाऊ समोरासमोर पडून एकमेकांकडे बघत राहतील, हे चित्र मला डोळे मिटले तरी दिसायला लागलं.

त्यात गावचा पट आला. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. धान निघालं, बांध्या रिकाम्या झाल्या की आमच्याकडे गावोगावी पट भरतात. आमच्या घरची जोडी नावाजलेली. गोऱ्हे असताना जेठांनी निवडलेली, आणि पटात छकड्यावर बसून जोडी हाकायचे तेही जेठच. ते खाटेला लागल्यावर कासरे यांच्या हातात आले. तिसऱ्या माणसाच्या हाताखाली ते बैल धावतच नसत. गोठ्याचा खांब धरून उभा राहणारा हा माणूस त्या हलक्या छकड्यावर बसून उधळत्या बैलांमागे जाणार, या विचाराने मला जेवण जाईना.

मी म्हटलं, "या वर्षी राहू द्या."

"काऊन?"

"चक्कर येते तुम्हाला."

"बैलायच्या मागं बसलो का चक्कर जाते."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. डाव टाकावा लागतो. सरपंचांनी डॉक्टरीणबाईंना पटाच्या पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. दरवर्षी कोणी ना कोणी पडतं, म्हणून पाहुण्याला सोबत मलमपट्टीची पेटीही आणायला सांगितली होती. मी पहिल्याच संधीला बाईंच्या शेजारची खुर्ची पटकावली आणि कानात सांगितलं, "हे छकड्यावर चढायच्या आधी एकदा प्रेशर बघा. चढलेलं असणारच. सगळ्यांसमोर सांगा की चढायचं नाही. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

बाई म्हणाल्या, "आणा त्यांना."

मैदानात नुसता कल्ला होता. जिलेब्यांच्या कढया, फुगे, बांगड्या, आणि भोंग्यावरून अर्धं हिंदी अर्धं मराठी: "भाईयों और बहनों, ही जोडी पाहून घ्या, नंतर दिसनार नाई!" आमच्या जेठांना खाटेसकट बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून आणलं होतं, कारण पट चुकवायला ते तयार नव्हते. बंडी अगदी धावपट्टीच्या कडेला, आमच्या खुर्च्यांपासून हाताच्या अंतरावर. मी पदर ओढून बसले.

हे आले ते फेटा बांधून, रागाने लाल. "इथं कायले तपासनी? लोकं पाहून राहिले!" लोक खरंच पाहत होते, कडं करून उभे राहिले. बाईंनी पट्टा गुंडाळला, फुगवला, कानाला नळ्या लावून ऐकलं. मग परत फुगवला. मग दुसऱ्या हाताला लावला. मी मनात म्हटलं, चांगलंच चढलेलं दिसतंय, काम झालं.

"उभे राहा, काका."

हे उभे राहिले, बाईंनी उभ्यानेच परत मोजलं, आणि तेवढ्यात यांचा तोल गेला. मी दंड धरला.

"ताई," बाई म्हणाल्या, "हे फारच कमी आहे. आज काय वेगळं खाल्लं यांनी?"

"काई नाई," हेच म्हणाले. "गोळ्या खाल्लो, भात खाल्लो."

"गोळ्या खाल्ल्या?"

"खाल्लो ना! आज का तपासनी होती का, नाई खायले?"

बाईंच्या हातातली पट्ट्याची रबरी फुगी तशीच राहिली. "तपासणीच्या दिवशी गोळी खात नाही तुम्ही?"

"कोन खाते?" यांनी कडं करून उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. मागचे दोघे-तिघे माना हलवू लागले. त्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी बाईंना समजावलं, "म्याडम, गोळी खाऊन आलो तं बिमारी दबून राहाते. तुमाले खरी कसी दिसन? डॉक्टरपुढं झाकून यायचं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता मला सांगायलाच हवं की मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तपासणी म्हणजे परीक्षा. परीक्षेला पोरगं पुस्तक उघडून बसलं तर मी त्याचा कान धरते. तपासणीच्या दिवशी पाण्याचा पेला घेऊन मी उभी राहत नसे, आणि बाई 'रोज घेता ना' विचारत, 'आज घेतली का' कधीच विचारत नसत.

बाई आधी हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम भडकल्या. "अहो, बिमारी मला माहीत आहे! मी तपासते ती गोळी! ती पुरते की नाही, ते बघायला बोलावते तुम्हाला! तुम्ही ती घरी ठेवून येता आणि मी इथे वाढवत सुटते! गोळी पहिल्यापासून लागू पडत होती, काका. तीन-तीन गोळ्यांनी तुमचं प्रेशर पार तळाला गेलं आहे, म्हणून चक्कर येते."

लोक हसले. कोणीतरी भोंग्यावरही ते सांगून टाकलं. मीही हसत होते, आणि हसता हसता माझी नजर बंडीकडे गेली.

जेठ हसत नव्हते. त्यांनी एकन् एक शब्द ऐकला होता. नियम त्यांचाच होता. डॉक्टरपुढे झाकायचं नाही म्हणून वर्षानुवर्षं ते तपासणीच्या दिवशी गोळी न खाता गेले, पारा चढलेला पाहून आले, आणि फायदा नाही म्हणून एक दिवस गोळ्या सोडल्या. त्यांच्याही गोळ्या लागू पडत होत्या. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येताना मी पदराच्या आडून पाहिलं. मला इतकं वाईट वाटलं की मी मान फिरवून घेतली.

इकडे यांना काही सोयरसुतक नव्हतं. "म्हंजे प्रेशर नाई वाढला ना? झालं तं मंग!" म्हणून हे छकड्याकडे निघाले. बाई ओरडल्या, मी ओरडले. यांनी एक पाय छकड्यावर ठेवला.

"उतर."

आवाज घोगरा होता आणि शब्द अर्धा तुटला होता, पण सगळ्यांनी ऐकला. जेठांनी डावा हात वर केला होता. लकव्यानंतर त्यांनी इतक्या जोरात काही म्हटल्याचं मला आठवत नाही. "उतर," ते परत म्हणाले.

हे तसेच उभे राहिले, एक पाय वर, एक खाली. मग उतरले. बैल सोडले आणि दोन्ही बैल बंडीपाशी नेऊन उभे केले. जेठ डाव्या हाताने एकेकाची मान थोपटत राहिले. भोंग्यावरून सांगितलं गेलं की ही जोडी या वर्षी धावणार नाही. लोक हळहळले. थोड्या वेळाने मी यांना शोधायला गेले, तर साहेब दुकानाच्या पडद्यामागे रागारागाने जिलेबी खात होते. साखरेच्या माणसाने राग काढायची ही तऱ्हा!

त्यानंतर बाईंनी गोळ्या उतरवल्या. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: प्रेशरची गोळी रोजच्यासारखी सकाळी पाण्याबरोबर घेऊनच तपासणीला या, साखरेची मात्र तपासणी झाल्यावर, जेवताना. यावर गावात पुष्कळ चर्चा झाली. उपाशीही या आणि गोळीही खा, हे एकदम कसं, असं काहींना वाटलं. पण पुढच्या महिन्यात अर्ध्या एसटीचं प्रेशर एकदम सुधारलं, आणि गावाने त्याचं श्रेय बाईंच्या हातगुणाला दिलं. बाईंनी वाद घातला नाही.

जेठांनी स्वतःच्या गोळ्या परत सुरू केल्या. मी गाईला सांगायची गरज पडली नाही.

पुढच्या वर्षी हे पटात उतरले. सकाळी जेठांच्या खाटेसमोर उभं राहून गोळी खाल्ली, बाईंनी उभ्याने-बसल्याने प्रेशर पाहिलं आणि मान डोलावली. जोडी निम्म्यापर्यंत पुढे होती, मग डावा बैल जिलेबीच्या दुकानाकडे वळला. हरले. घरी येऊन म्हणाले, "बैलालेबी शुगर आहे वाटते." मला हरण्याचं काहीच वाटलं नाही. दोन पायांवर चालत घरी आले होते.

जेठांनी तेव्हापासून एक काम अंगावर घेतलं. आमचं घर बसथांब्याच्या वाटेवर. तपासणीच्या दिवशी सकाळी जो कोणी समोरून जाईल त्याला सपरीतून हाक यायची, "खाल्ली?" बोलणं त्यांचं पुढेही फारसं सुधारलं नाही, पण हा एक शब्द त्यांनी घासूनपुसून लख्ख केला. नुसतं 'हो' म्हणून भागत नसे. डाव्या हाताने जवळ बोलवायचे आणि जीभ बघायचे. कोणी चिडत नसे. ज्याची राहिली असेल तो मुकाट्याने घरी वळायचा.

बरीच वर्षं गेली. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, त्यांच्यानंतर दोघेजण आले नि गेले. माझी निवृत्ती झाली, आणि निवृत्तीच्या जोडीने मलाही साखर आली, मागोमाग प्रेशरही. हे खूष. "आता तोंड उघडायची पाळी तुझी!" म्हणाले.

माझी पहिली तपासणी. सकाळी उठून आवरलं, पिशवी घेतली. परीक्षेला निघाल्यासारखं, पिशवीतले कागद दोनदा पाहिले. हे गोठ्यात होते. मी डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून नेहमीसारखी अंगण ओलांडून निघाले.

"खाल्ली?"

मी मागे वळून पाहिलं, कोणाला विचारतात म्हणून. मागे कोणी नव्हतं. गाय होती, पण तिला प्रेशर नव्हतं.

जेठ माझ्याकडेच बघत होते. डावा हात थोडा वर उचललेला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

आणि मी खाल्ली नव्हती. गावाला इतकी वर्षं शिकवून, नवऱ्याची जीभ तपासून, माझी गोळी घरात कपाटावर तशीच राहिली होती. गाईकडे बघायचं मला सुचलंच नाही.

"नाही खाल्ली, दादाजी," मी म्हटलं.

त्यांनी हाताने घराकडे दाखवलं. थांब्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी पिशवी तिथेच ठेवून आत गेले, गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आले, त्यांच्या खाटेसमोर उभी राहिले, गोळी गिळली, आणि डोक्यावरचा पदर घसरला आहे हे लक्षात यायच्या आत तोंड उघडून जीभ दाखवली.